गरोदरपणातील मधुमेह: इन्सुलिनऐवजी गोळी घ्यावी का?

चैत्रपालवी
नमस्कार. मला सध्या अठ्ठाविसावा आठवडा चालू आहे. चोविसाव्या आठवड्यात केलेल्या ग्लुकोजच्या चाचणीत गरोदरपणातील मधुमेहाचे निदान झाले. त्यानंतर आहार बदलला, रोज दोन्ही वेळा चालायला जाऊ लागले, आणि जेवणानंतरची साखर बहुतेक वेळा मर्यादेत येऊ लागली. सकाळची उपाशीपोटीची साखर मात्र ९८ ते १०२ च्या खाली यायला तयार नाही. ती ९५ च्या खाली हवी असे मला सांगण्यात आले आहे.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मेटफॉर्मिन सुचवले. दुसरे मत घ्यावे म्हणून मधुमेहतज्ज्ञांकडे गेले, तर ते म्हणाले की गरोदरपणात औषध द्यायचेच असेल तर इन्सुलिनच द्यावे. दोघेही अनुभवी आहेत, दोघांवरही माझा विश्वास आहे, आणि दोघांनीही निर्णय माझ्यावर सोपवला आहे. घरात सासूबाईंचे म्हणणे आहे की एकदा सुई लागली की ती सुटत नाही. माझा कल गोळीकडे आहे, पण तो विचारातून आला आहे की सुईच्या भीतीतून, हे माझे मलाच कळत नाही. ज्यांनी यांपैकी काही घेतले आहे किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

सुमेधा_र
चैत्रपालवी, सर्वप्रथम सासूबाईंचा गैरसमज दूर करा. मी नऊ आठवडे इन्सुलिन घेतले आणि बाळंतपण झाले त्याच दिवशी ते बंद झाले. वार (प्लासेंटा) बाहेर पडली की साखर वाढवणारी संप्रेरकेही तिच्याबरोबरच जातात, त्यामुळे बहुतेक जणींना त्यानंतर औषधाची गरजच उरत नाही. माझ्या खोलीतल्या परिचारिकेने पेन काढून घेतले तेव्हा मला चक्क चुकल्यासारखे झाले होते.

शेवंती
मी मेटफॉर्मिन घेतले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सुरुवात ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने, रात्रीच्या जेवणासोबत. पहिले आठ दिवस पोटाने अगदी नकोसे करून सोडले. मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. आधीच गरोदरपणातील मळमळ नुकती कुठे थांबली होती आणि ही दुसरी सुरू झाली. मी गोळी सोडण्याच्या बेतात असताना डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली आणि मात्रा घाईने न वाढवता आठवड्याआठवड्याने वाढवली. त्यानंतर पोट शांत झाले. शेवटी मी दिवसाला १५०० मिलिग्रॅमपर्यंत गेले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चौतिसाव्या आठवड्यात सकाळची साखर पुन्हा वर सरकू लागली आणि रात्रीचे थोडे इन्सुलिन जोडावेच लागले. त्या दिवशी मी रडले, कारण मी गोळीकडे ‘सुई टाळण्याचा उपाय’ म्हणूनच पाहत होते. तसे पाहू नका. गोळी घेऊनही सुई लागू शकते हे आधीच मनाशी धरले असते, तर तो दिवस इतका जड गेला नसता.

शंकासुर
मला एक मूलभूत प्रश्न आहे. १०२ म्हणजे ९५ पेक्षा सातच जास्त. एवढ्यासाठी गर्भवतीला औषध कशाला? आपल्या आज्यांनी कुठे साखर मोजली होती?

नवजात_कक्ष
शंकासुर, मी नवजात शिशूंच्या विभागात काम करतो, तेव्हा आज्यांच्या बाजूने नाही, पण त्यांच्या नातवंडांच्या बाजूने उत्तर देतो. आईच्या रक्तातील साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे जास्त आलेली साखर हाताळण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागते. इन्सुलिन हे वाढीचेही संप्रेरक असल्यामुळे बाळ, विशेषतः त्याचे खांदे आणि पोट, प्रमाणाबाहेर वाढते आणि प्रसूतीच्या वेळी खांदा अडकण्याचा धोका उद्भवतो. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात थांबतो, पण बाळाच्या रक्तातील इन्सुलिन तसेच राहते. मग जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आमच्याकडे अशा बाळांच्या टाचेतून वारंवार रक्त घ्यावे लागते, आणि ते पाहणे कोणत्याही आईला सोपे नसते.

सात अंक कमी वाटतात हे खरे. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या हापो या मोठ्या अभ्यासात असे दिसले की आईची साखर जसजशी वाढते तसतसा हा धोकाही चढत जातो. इथपर्यंत ठीक आणि इथून पुढे वाईट, अशी स्पष्ट रेषा त्यात कुठेही सापडली नाही. ९५ हा आकडा म्हणजे माणसांनी सोयीसाठी आखलेली रेषा आहे, पण ती हवेतून आखलेली नाही.

शंकासुर
समजले. आज्यांचा मुद्दा मागे घेतो. त्यांनी किती बाळे गमावली हेही कोणी मोजले नव्हते, हे लिहून झाल्यावर लक्षात आले.

खलबत्ता
मी औषधशास्त्र शिकवते. दोन डॉक्टरांचे मत वेगळे का, याचे उत्तर बऱ्याच अंशी वारेत आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

इन्सुलिनचा रेणू मोठा असल्यामुळे तो वार ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. जे काही करायचे ते तो आईच्या शरीरात करतो. मेटफॉर्मिनचा रेणू अगदी लहान आहे आणि वारेतील वाहक प्रथिने त्याला पलीकडे नेतात. बाळाच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या प्रमाणाच्या आसपास असते. म्हणजे आईने गोळी घेतली की ती दोघांनीही घेतली असे समजावे. याचा अर्थ ती अपायकारक आहे असा होत नाही, पण इन्सुलिनच्या बाबतीत जो प्रश्नच उद्भवत नाही तो इथे उद्भवतो.

दुसरी गोळी ग्लिबेनक्लामाइड. तिचा इतिहास रंजक आहे. सल्फोनिलयुरिया गटातील (म्हणजे स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) जुनी औषधे, उदाहरणार्थ क्लोरप्रोपामाइड, बाळापर्यंत जात आणि जन्मानंतर बाळाची साखर दीर्घकाळ खाली राही, म्हणून हा सारा गटच गरोदरपणात बदनाम झाला होता. २००० साली अमेरिकेतील ४०४ स्त्रियांवरील एका चाचणीत ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन यांचे परिणाम सारखे आले आणि नाळेच्या रक्तात ते औषध सापडलेच नाही. लगेच ते लोकप्रिय झाले. पुढे अधिक सूक्ष्म पद्धतीने मोजले तेव्हा नाळेच्या रक्तातील प्रमाण आईच्या सुमारे ७० टक्के निघाले. म्हणजे औषध पलीकडे जातच होते, आधीच्या मोजमापाची पकड ढोबळ होती. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण दरवर्षी देते: ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक असतो.

आकडेमोड
खलबत्ता यांच्या प्रतिसादाला जोडून. ग्लिबेनक्लामाइडची पीछेहाट केवळ नाळेच्या रक्तामुळे झाली नाही. २०१५ साली उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात बाळाचे वजन आणि नवजात बाळाची साखर उतरणे या दोन्ही बाबतींत ते इन्सुलिनच्या मागे पडले, आणि बाळाच्या वजनाच्या बाबतीत मेटफॉर्मिनच्याही. २०१८ साली फ्रान्समधील ९१४ स्त्रियांवरील चाचणीत बाळाच्या गुंतागुंतींचे प्रमाण ग्लिबेनक्लामाइडच्या गटात २७.६ टक्के आणि इन्सुलिनच्या गटात २३.४ टक्के आले, त्यामुळे ‘हे औषध इन्सुलिनपेक्षा कमी प्रतीचे नाही’ असे सिद्ध होऊ शकले नाही. तेव्हा चैत्रपालवी यांच्यासमोरचा खरा पर्याय मेटफॉर्मिनचाच आहे.

मेटफॉर्मिनबाबत सर्वांत जास्त चर्चिली गेलेली चाचणी म्हणजे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील मिग, २००८ सालची, ७५१ स्त्रियांची. बाळाच्या एकत्रित गुंतागुंती मेटफॉर्मिनच्या गटात ३२.० टक्के आणि इन्सुलिनच्या गटात ३२.२ टक्के, म्हणजे व्यवहारात समान. नवजात बाळाची साखर फारच खाली जाण्याचे प्रमाण मेटफॉर्मिनच्या गटात कमी होते, वेळेआधी प्रसूती होण्याचे थोडे जास्त. आईचे वजनही गोळीवर कमी वाढले. मात्र मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी ४६.३ टक्के स्त्रियांना पुढे इन्सुलिन जोडावे लागले. शेवंती यांचा अनुभव अपवाद नाही, जवळजवळ निम्म्या जणींचा तोच अनुभव आहे. शिवाय सुरुवातीची उपाशीपोटीची साखर जितकी जास्त, तितकी ही शक्यता वाढते.

पुन्हा हाच पर्याय निवडाल का, असे त्या स्त्रियांना नंतर विचारले तेव्हा मेटफॉर्मिनच्या गटातील ७६.६ टक्के जणी हो म्हणाल्या, इन्सुलिनच्या गटातील २७.२ टक्के. या आकड्याकडे डॉक्टर मंडळी सहसा दुर्लक्ष करतात.

पावसाची_सर
इतके आकडे वाचून माझी साखर वाढली. :)

आकडेमोड
क्षमस्व. जेवणानंतर दोन तासांनी मोजा, १२० च्या आत असेल तर काळजी नाही.

वाटसरू
माझ्या पत्नीला इन्सुलिन सुरू झाले तेव्हा पेन कसे वापरायचे हे आम्हां दोघांना एकत्र शिकवण्यात आले. तिने पहिल्याच दिवशी शांतपणे टोचून घेतले आणि मी खुर्चीतून खाली गेलो. शुद्धीवर आलो तेव्हा परिचारिका माझी साखर तपासत होती. सांगायचा मुद्दा असा की ती सुई चार मिलिमीटरची असते आणि केसासारखी बारीक असते. बोटाला पट्टीसाठी टोचणे त्यापेक्षा जास्त दुखते, असे पत्नीचे म्हणणे आहे, आणि बोटाला तर गोळी घेतली तरी दिवसातून चार वेळा टोचावेच लागते.

दुर्वा
वाटसरू, तुमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. गोळी घेतली म्हणजे सुयांतून सुटका झाली, असे होत नाही.

मात्र इन्सुलिनची बाजू इतकी निर्धोक रंगवू नये असे मला वाटते. मी ते घेतले आहे. एकदा रात्री तीन वाजता घामाने भिजून, हात थरथरत जागी झाले आणि साखर ५४ निघाली. उशाशी ग्लुकोजची पावडर ठेवण्याची सूचना मी पाळली होती म्हणून निभावले. मेटफॉर्मिन एकटे घेतले तर असे सहसा होत नाही, कारण ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन करायला भाग पाडत नाही. यकृताकडून रक्तात सोडली जाणारी साखर ते कमी करते आणि शरीराला स्वतःचे इन्सुलिन अधिक चांगले वापरू देते. घरात रात्री मदतीला कोणी नसेल, किंवा इन्सुलिन नीट थंड ठेवण्याची सोय नसेल, तर हा फरक कागदावरच्या फरकापेक्षा मोठा ठरतो.

रेघोट्या
बाळ जन्मल्यानंतरचे काही तास किंवा दिवस यांचीच चर्चा सगळे करत आहेत. मला चिंता वाटते ती पुढच्या वर्षांची. मिग चाचणीतील मुलांचा पाठपुरावा झाला आहे. दोन वर्षांच्या वयात मेटफॉर्मिनच्या गटातील मुलांच्या त्वचेखालील चरबी काही ठिकाणी जास्त आढळली, आणि नऊ वर्षांच्या वयात ऑकलंडमधील मुले वजनाने व कमरेच्या घेराने मोठी निघाली. ज्या औषधाचा बाळावरील परिणाम दहा वर्षांनी कळतो, ते मी सुईच्या भीतीपोटी घेणार नाही. मी इन्सुलिन घेतले आणि तोच निर्णय पुन्हा घेईन.

आकडेमोड
रेघोट्या, तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे, पण ती अर्धी आहे. दोन वर्षांच्या वयात शरीरातील एकूण चरबीचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. ॲडलेडमधील मुलांत सात वर्षांच्या वयात फरक आढळला नाही, आणि ऑकलंडमधील मुले मोठी असली तरी त्यांचेही चरबीचे टक्के वेगळे नव्हते. आधीपासून टाइप २ मधुमेह असलेल्या स्त्रियांना इन्सुलिनसोबत मेटफॉर्मिन किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या मायटी या चाचणीतील मुलांमध्येही दोन वर्षांच्या वयात वजन-उंचीच्या गुणोत्तरात फरक दिसला नाही.

रेघोट्या
म्हणजे फरक नाही असे सिद्ध झाले का? वर खलबत्ता यांनीच लिहिले आहे की ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक असतो.

आकडेमोड
मान्य. तुम्ही मला माझ्याच बाजूच्या वाक्यात पकडले.

खलबत्ता
रेघोट्या यांचा आक्षेप योग्य आहे आणि मधुमेहतज्ज्ञांचे म्हणणे नेमके याच आक्षेपावर उभे आहे. अमेरिकेतील मधुमेह संघटना इन्सुलिनला पहिली पसंती देते ती प्रामुख्याने गोळ्या वार ओलांडतात आणि मुलांवरील दीर्घकालीन परिणामांची माहिती अपुरी आहे म्हणून. ब्रिटनमधील नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना उलट आहे: आहार व व्यायामाने एक-दोन आठवड्यांत साखर आटोक्यात आली नाही तर आधी मेटफॉर्मिन द्यावे, ते चालत नसेल किंवा पुरत नसेल तर इन्सुलिन. निदानाच्या वेळीच उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल, तर मात्र तीही थेट इन्सुलिनच सुचवते. दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी वाचलेले शोधनिबंध तेच आहेत. एका बाजूने अनिश्चिततेला जास्त वजन दिले, दुसऱ्या बाजूने स्त्रीच्या सोयीला आणि आजवरच्या दिलासादायक अनुभवाला. चैत्रपालवी यांच्या दोन डॉक्टरांत जो मतभेद आहे, तो त्या दोघांपुरता नाही.

आणखी एक सावधगिरीची बाब. आईचा रक्तदाब वाढलेला असेल, किंवा बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता असेल, तर मेटफॉर्मिन टाळण्याचा सल्ला दिला जातो. वर उल्लेख केलेल्या मायटी चाचणीत मोठ्या बाळांचे प्रमाण कमी झाले, पण वयाच्या मानाने लहान बाळांचे प्रमाण वाढले: १३ टक्के, विरुद्ध ७ टक्के. म्हणून सोनोग्राफीत बाळाची वाढ कशी दिसते, हे या निर्णयात विचारात घेतलेच पाहिजे.

शेवंती
हे मला कोणीच सांगितले नव्हते. माझा रक्तदाब शेवटी वाढला होता.

धुळाक्षरे
पीसीओएससाठी (बीजकोषांच्या संप्रेरकांशी निगडित विकारासाठी) मी दिवस राहण्याच्या आधीपासून मेटफॉर्मिन घेत होते. दिवस गेल्याचे कळताच घाबरून ते स्वतःच बंद केले आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांना सांगितले, त्याबद्दल त्यांनी मला चांगलेच सुनावले. घाबरण्यासारखे त्यात काही नव्हते, पण न विचारता औषध बंद करणे चूक होते. नव्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र उलट आहे. ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या गरोदरपणात देत नाहीत, आणि आधीपासून मधुमेह असलेल्या माझ्या बहिणीला तर दिवस राहण्याचे ठरवतानाच त्या बदलून देण्यात आल्या.

पावसाची_सर
गंमत म्हणून सांगते, मेटफॉर्मिनचे मूळ युरोपातील एका रानटी झुडपात आहे, गॅलेगा नावाच्या. त्यातील द्रव्यावरून पुढे रसायने तयार झाली आणि १९५७ साली फ्रान्समध्ये ते मधुमेहासाठी वापरात आले. त्यामुळे ‘नैसर्गिकच घेईन’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना सांगायला ही गोष्ट उपयोगी पडते. इन्सुलिन तर आपल्याच शरीरात तयार होते, त्याहून नैसर्गिक काय असणार!

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे परत येताना एक अलीकडची चाचणी नोंदवतो. नेदरलँड्समध्ये ८२० स्त्रियांवर झालेली शुगर-डिप, २०२५ साली प्रसिद्ध. आधी मेटफॉर्मिन, गरज पडल्यास त्यात ग्लिबेनक्लामाइडची भर, आणि तरीही न भागल्यास इन्सुलिन, अशी एका गटाची पद्धत होती, दुसऱ्या गटाला थेट इन्सुलिन. वयाच्या मानाने मोठी बाळे गोळ्यांच्या गटात २३.९ टक्के आणि इन्सुलिनच्या गटात १९.९ टक्के आली, आणि गोळ्या कमी प्रतीच्या नाहीत हे आधी ठरवलेल्या निकषानुसार सिद्ध झाले नाही. आईची साखर खाली जाण्याचे प्रमाणही गोळ्यांच्या गटात जास्त होते. परंतु त्या गटातील ७९ टक्के स्त्रियांना इन्सुलिन लागलेच नाही. माझे वैयक्तिक मत असे की या प्रयोगात दोन भिन्न स्वभावाच्या गोळ्या एकत्र आल्यामुळे दोष कोणाचा हे सांगणे कठीण आहे, आणि साखर खाली जाण्याचा संशय तरी मी ग्लिबेनक्लामाइडवरच घेईन.

दुर्वा
चैत्रपालवी, तुमचे काय ठरले?

चैत्रपालवी
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, याबद्दल क्षमा असावी.

हा धागा वाचून मी दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि या वेळी ‘कोणते औषध सुरक्षित’ असे न विचारता तीन गोष्टी विचारल्या: बाळाची वाढ सध्या कशी आहे, माझा रक्तदाब कसा आहे, आणि गोळी पुरेशी नाही हे आपण किती दिवसांत ठरवणार. वाढ योग्य होती, रक्तदाब व्यवस्थित होता, आणि दोन आठवड्यांची मुदत ठरली. गंमत म्हणजे प्रश्न असे विचारल्यावर दोघांची उत्तरे बरीच जवळ आली. मधुमेहतज्ज्ञ म्हणाले, ‘मी इन्सुलिनच देईन, पण या परिस्थितीत गोळी घेतलीत तर हरकत घेणार नाही.’

मी मेटफॉर्मिन सुरू केले. पोटाचा त्रास झाला, पण शेवंती यांच्यामुळे तयारी होती आणि हळू विरघळणारी गोळी मी पहिल्या दिवसापासूनच मागून घेतली. दोन आठवड्यांनी सकाळची साखर ९६-९७ वर अडकली, तेव्हा झोपण्यापूर्वीचे थोडे इन्सुलिन जोडले गेले. म्हणजे त्या ४६ टक्क्यांत माझाही नंबर लागला. आता सकाळी ८८ ते ९२ येते. पहिले इंजेक्शन यजमानांनी देऊ केले होते, पण वाटसरूंचा प्रतिसाद त्यांनीही वाचला असल्यामुळे मी स्वतःच घेतले. रेघोट्या, तुमचा मुद्दा मी विसरलेले नाही. थेट इन्सुलिनच घ्यायला हवे होते का, हा विचार अजूनही अधूनमधून येतो.

आता पुढचा प्रश्न. प्रसूतीनंतर दोन्ही औषधे बंद होतील असे सांगितले आहे. मग पुन्हा तपासणी कधी करायची?

सुमेधा_र
साधारण सहा ते बारा आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन, दोन तासांची. रात्री नीट झोप मिळत नसताना ही तारीख हमखास विसरली जाते, म्हणून बाळाच्या लसीकरणाच्या दिवसाला जोडून घ्या. मी विसरले होते आणि थेट आठ महिन्यांनी केली.

नवजात_कक्ष
त्यानंतरही दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहा, कारण पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता तुम्हांला इतरांपेक्षा जास्त आहे. आणि प्रसूतीच्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना तुम्ही मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन दोन्ही घेत होतात हे स्वतःहून सांगा. कागदपत्रांत ते असतेच, पण रात्रीच्या पाळीत कागद वाचायला वेळ लागतो. बाळाला पहिल्या तासातच दूध पाजायला घ्या.

शंकासुर
आणि टाचेतून रक्त घेताना वाटसरूंना बाहेर बसवा.